वेंगुर्ल्याचा हिवाळा

कोकणचा पावसाळा सर्वांच्या परिचयाचा आहे. कोकणचा उन्हाळाही आंब्याफणसांमुळे दूरदूरच्या मुलांना ठाऊक असतो. परंतु कोकणात हिवाळाही येतो, आणि तो आपल्याबरोबर मौजेचे एक भांडारच घेऊन येतो, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना माहीत असते. घाटावरच्या मुलांना कोकणची थंडी म्हणजे थंडीची नुसती चाहूल वाटेल. अंगावर दोन-दोन गोधड्या घ्याव्यात, असे दिवस येथे क्वचितच येतात. पण चार महिने पावसात भिजलेल्या आणि पुढे चार महिने घामाने निथळणार असलेल्या माणसांना या दोहोंच्या मधले हे कोरडे, सुखद दिवस म्हणजे एक पर्वणीच होय.

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिणेस, अरबी समुद्राच्या काठी वेंगुर्ले वसले आहे. पाठीशी टेकड्या, टेकड्यांवर काजू आणि आंबे, खाली माडांच्या बागा आणि समोर अथांग सागर, असे या गावाचे रूप आहे. हे बंदर जुने आहे. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी येथे वखार बांधली होती. तिचे भग्न अवशेष त्या काळाची साक्ष देत उभे आहेत. पुढे १८१२ मध्ये वेंगुर्ले इंग्रजांच्या ताब्यात गेले. एके काळी मुंबईहून येणाऱ्या आगबोटींची येथील लोक वाट पाहत. आता चाकरमानी एस.टी.ने येतात, १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागलेल्या कोकण रेल्वेने येतात. पण हिवाळ्यातील जत्रेसाठी गावी येण्याची त्यांची ओढ मात्र तीच आहे.

हिवाळ्यातील पहाट येथे मतलई वाऱ्याबरोबर उगवते. दिवसा जमीन लवकर तापते आणि समुद्र त्या मानाने थंड राहतो. म्हणून दुपारी वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. तो खारा वारा होय. रात्री जमीन लवकर निवते आणि समुद्राचे पाणी उबदार राहते. म्हणून वाऱ्याची दिशा उलटते आणि तो जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. यालाच मतलई वारा म्हणतात. शिडाच्या होड्यांच्या दिवसांत कोळी बांधव पहाटे मतलई वाऱ्यावर होड्या समुद्रात लोटीत आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर त्या परत आणीत. घाटाकडून येणाऱ्या या गार वाऱ्याने अंगणातील माणसे शहारतात, पालापाचोळा गोळा करतात आणि शेकोटी पेटवितात. शेकोटीभोवती आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना सारखीच जागा असते. निखाऱ्यात भाजलेले रताळे या हातातून त्या हातात झेलीत खाण्यात जी मजा आहे, ती ताटात वाढलेल्या पक्वान्नातही नाही!

ही थंडी केवळ मौजेची नाही, ती कामाचीही आहे. रात्री गारवा पडला म्हणजे आंब्याच्या झाडांना मोहोर फुटतो. थंडी आलीच नाही, किंवा मोहोर आल्यावर ढगाळ हवा झाली, तर उन्हाळ्यात आंबा रुसतो. म्हणून पौष महिन्यात बागाईतदार सकाळी घराबाहेर पडला की आधी आभाळाकडे पाहतो आणि मग झाडाकडे. वेंगुर्ल्यास फळांचे एक मोठे संशोधन केंद्र आहे. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही आंब्याची जात येथील संशोधकांनी निर्माण केली. आणि ‘वेंगुर्ला’ हेच नाव धारण करणाऱ्या काजूच्या अनेक सुधारित जाती या केंद्राने शेतकऱ्यांच्या हाती दिल्या. हिवाळ्यात या काजूच्या झाडांनाही तुरे येतात, आणि शाळेची वाट त्यांच्या मंद सुगंधाने भरून जाते.

शाळेची ती वाट एकट्याने चालावयाची नसते. एका घरासमोर हाक मारावयाची, दुसऱ्या घराच्या पायरीवर क्षणभर थांबावयाचे, आणि शाळा येईपर्यंत दोघांचे दहा व्हावयाचे, हा रोजचाच क्रम. पावसाळ्यात छत्र्यांमुळे एकमेकांची तोंडेही धड दिसत नाहीत. हिवाळ्यात मात्र गप्पांना ऊत येतो. संध्याकाळी समुद्राचे पाणी ओसरले की ओल्या, घट्ट वाळूचे विस्तीर्ण मैदान मुलांना मोकळे मिळते. तेथे लगोरी रंगते, क्रिकेटचे सामने होतात, आणि चेंडू लाटेत गेला म्हणजे तो आणावयास दोन्ही बाजूंचे गडी धावतात. लहानग्यांचे वाळूचे किल्ले भरतीच्या पहिल्या लाटेबरोबर ढासळतात. पण त्याचे दुःख कोणी करीत नाही, कारण उद्या पुन्हा ओहोटी येणारच असते!

सणही या दिवसांत हात धरून येतात. नाताळात ख्रिस्ती मित्रांच्या दारात कागदी तारे उजळतात, आणि शेजारपाजारची मुले तेथे जाऊन नेवऱ्या खातात. पुढे मकरसंक्रांतीस तीच मुले एकमेकांच्या घरी तिळगूळ घेऊन जातात. कोणाचा सण कोणता, हे मोठ्यांनी विचारावे; खाऊ मात्र सर्वांचा असतो.

सुटीच्या दिवशी किनाऱ्यावर रापण पाहावयास मिळाली, तर मुलांच्या आनंदास पारावार राहत नाही. होडीतून नेलेले भले मोठे जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणतात. मग दोन रांगा दोन बाजूंनी जाळे ओढू लागतात. एक रांग पुढे गेली आणि दुसरी मागे राहिली, तर जाळे वाकडे होते आणि मासळी निसटते. म्हणून सर्वांनी एकाच तालात पावले टाकावी लागतात. कधी कधी मुलेही दोराला हात लावतात. जाळे काठाशी आले की बांगडे आणि तारल्या रुपेरी नाण्यांसारख्या उसळू लागतात, आणि ज्यांनी दोर ओढला त्या प्रत्येकास आपला वाटा मिळतो. रापण एकट्याने ओढता येत नाही, हा धडा वेंगुर्ल्याच्या मुलांना कोणत्याही पुस्तकातून शिकावा लागत नाही.

हिवाळ्यात बाजारालाही बहर येतो. मुंबईप्रमाणेच वेंगुर्ल्यासही क्रॉफर्ड मार्केट या नावाने ओळखली जाणारी जुनी मंडई आहे. या दिवसांत भाजीवाल्यांच्या टोपल्यांत लाल माठ, पांढरे मुळे, वांगी आणि चवळीच्या शेंगा हारीने मांडलेल्या असतात. भातकापणीनंतर शेतात कुळीथ पेरलेला असतो. त्याची गरम पिठी आणि उकड्या तांदळाचा भात हे थंडीतले जेवण. जवळच मासळीवाल्यांचा गलबला चालू असतो. भाव सांगावयाचा, तो पाडून मागावयाचा, रागावल्यासारखे करून दोन पावले पुढे जावयाचे आणि हाक आली की परत फिरावयाचे, हे बाजाराचे शास्त्र मुले आईचे बोट धरूनच शिकतात.

घरातून बाजारास निघताना मात्र एक प्रश्न हमखास येतो. आजी पडवीतूनच विचारते, “पिशवी घेतलंस मां?” पिशवी घेतलीस ना, असा त्याचा अर्थ. पूर्वीच्या काळी हा प्रश्न विचारावाच लागत नसे. बाजारास जाणारा माणूस पिशवी विसरणे म्हणजे छत्रीवाचून पावसात जाण्यासारखेच होते. त्या काळी अबोलीची वळेसरी केळीच्या पानात बांधून मिळे, मासळी सागाच्या पानात येई आणि वाण्याकडील डाळ कागदाच्या पुडीत येई. पाने परसात टाकली की कुजून माती होत. कागद चुलीत जाई. घरात आलेल्या वस्तूचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न कोणास पडतच नसे. पुढे दुकानादुकानांत प्लास्टिकच्या पातळ पिशव्या आल्या. त्या फुकट मिळत, भिजत नसत, वजनाला हलक्या असत. लोक कापडी पिशवी खुंटीवर विसरू लागले. पण पानाप्रमाणे ही पिशवी कुजत नाही, आणि चुलीत घातली तर विषारी धूर होतो. ती कोठे टाकावी, हे कोणासच ठाऊक नव्हते. म्हणून ती सर्वत्र टाकली जाऊ लागली.

ही गोष्ट सर्वांत अधिक कोठे दिसे, तर जत्रेच्या दुसऱ्या दिवशी!

जत्रा हा कोकणातील हिवाळ्याचा आत्मा होय. कार्तिक महिन्यापासून गावोगावच्या ग्रामदेवतांच्या जत्रा सुरू होतात. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा तर दूरवर प्रसिद्ध आहे. हा देव रात्री गावाभोवती फिरून गावाची राखण करतो, अशी लोकांची श्रद्धा आहे. म्हणून भक्त त्यास मोठमोठ्या चपला आणि केळ्यांचे घड अर्पण करतात. जत्रेच्या दिवशी देवळाच्या आवारात दुकाने थाटली जातात. तेथे गुळात घोळलेल्या, आल्याच्या चवीच्या खाज्याच्या राशी असतात. सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी असतात. फुगे, पिपाण्या आणि भिरभिरी असतात. मुठीत घट्ट धरलेले खाऊचे पैसे कशावर खर्च करावेत, या विचारात मुले आवाराला चार-चार प्रदक्षिणा घालतात, आणि पुष्कळदा पहिल्याच दुकानाशी परत येतात.

मध्यरात्रीच्या सुमारास दशावतारी नाटक सुरू होते. पेटीचे सूर, मृदंगाची थाप आणि झांजांचा नाद कानी पडताच पेंगुळलेली मुलेही ताडकन उठून बसतात. आधी गणपती येतो, मग वेद चोरणारा काळा संकासुर येऊन पोट धरून हसवितो, आणि त्यानंतर मुख्य आख्यान रंगते. या नटांना लिहिलेले संवाद नसतात. कथा ठाऊक असते. बोलणे तेथल्या तेथे सुचते. राजाच्या वेषात रात्रभर गर्जना करणारा नट दिवसा शेतात राबणारा असू शकतो, आणि राणीचे काम करणाराही बहुधा पुरुषच असतो. पूर्वी ही मंडळी वेषांचे पेटारे डोक्यावर घेऊन एका जत्रेहून दुसऱ्या जत्रेस पायी जात. पहाटे दहीकाला होतो आणि लोक तृप्त मनाने घरोघर जातात.

लोक जातात, पण त्यांच्या मागे जे राहते, ते जात नाही. जत्रेनंतरच्या पहाटे देवळाच्या आवारात खाज्याच्या पिशव्या, चहाचे पेले आणि फुटके फुगे यांचा सडा पडलेला असे. आणि त्याच वेळी तो मतलई वारा वाहत असतो! जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा हा वारा हलक्या पिशव्या उचलतो, शेतांवरून आणि ओहोळांवरून नेतो, आणि शेवटी खाडीत किंवा समुद्रात सोडतो. रात्री ज्या पिशवीतून खाजे खाल्ले, ती सकाळी लाटेवर तरंगू लागते. ज्याने ती टाकली त्यास हे कळतही नाही. तो आपल्या अंथरुणात शांत झोपलेला असतो.

पण समुद्रात कोणी तरी जागे असते.

शाळेच्या परिपाठात रोज ठळक बातम्या वाचून दाखविण्याची पद्धत आहे. एखादी बातमी दूरच्या देशातील निवडणुकीची असते, एखादी क्रिकेटच्या सामन्याची असते. २०२५ च्या हिवाळ्यात वर्तमानपत्रांत एक निराळीच बातमी आली. २७ जानेवारी रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची एक कासवीण अंडी घालावयास आली. तिच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूची एक लहानशी पट्टी होती. पट्टीवरील क्रमांक तपासला, तेव्हा असे आढळले की, ती पट्टी २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी बसविलेली होती! भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील ही कासवीण दक्षिणेकडून वळसा घालून, सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास करून कोकणात आली होती. तिला कोणी वाट दाखविली नव्हती, आणि तिच्याजवळ होकायंत्रही नव्हते.

वेंगुर्ल्याच्या मुलांना अशा पाहुण्या अपरिचित नाहीत. गावाजवळच वायंगणीचा किनारा आहे. हिवाळ्याच्या रात्री ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या तेथे वाळूवर येतात. मागच्या पायांनी दीड-एक फूट खोल खड्डा करतात, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालतात, खड्डा बुजवितात आणि मागे वळूनही न पाहता समुद्रात निघून जातात. पिलांची राखण करावयास त्या थांबत नाहीत. म्हणून कोल्हे, कुत्री आणि कधी कधी माणसेही ती अंडी उकरून नेत. आता गावकरी आणि वन विभाग मिळून त्यांचे रक्षण करतात. घरटे सापडले की अंडी काळजीपूर्वक काढून कुंपण घातलेल्या सुरक्षित जागी तशाच खड्ड्यात ठेवतात. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी वाळू हलू लागते, आणि मुठीत मावतील एवढी पिले बाहेर पडतात. त्यांना किनाऱ्यावर सोडले, की ती इवल्या पायांनी समुद्राकडे चालू लागतात. पहिली लाट त्यांना उलथी करते. ती पुन्हा सुलटी होतात आणि दुसऱ्या लाटेबरोबर दिसेनाशी होतात.

त्यांतील फार थोडी मोठी होतात. माशांपासून आणि पक्ष्यांपासून होणारे भय तर निसर्गानेच घालून दिलेले आहे. पण माणसाने त्यात एका नव्या भयाची भर घातली. पाण्यात तरंगणारी प्लास्टिकची पिशवी कासवास जेलीफिशसारखी दिसते. ते अन्न समजून ती गिळते. पिशवी पचत नाही. ती आतड्यात अडकते, आणि पोट भरल्याचा भास होऊन कासव उपाशी मरते. साडेतीन हजार किलोमीटर वाट चुकली नाही अशा जिवाला एक पिशवी मात्र ओळखता येत नाही!

मग जत्रा बंद कराव्यात काय? बाजारास जाऊ नये काय? तसे मुळीच नाही. आनंद करावयाचा तो करावाच. प्रश्न एवढाच की, त्या आनंदाच्या मागे उरलेला पसारा कोणाचा? वेंगुर्ले शहराने या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा जो प्रयत्न केला, तो जाणून घेण्यासारखा आहे.

वेंगुर्ले हे सुमारे बारा हजार वस्तीचे लहान शहर आहे. १८७६ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली. इतर गावांप्रमाणेच येथील कचराही शहराबाहेर एका जागी नेऊन टाकला जाई. सर्व प्रकारचा कचरा एकत्र झाला, की तो निरुपयोगी होतो. भाजीची साले नुसती असती तर त्यांचे खत झाले असते. कागद कोरडा असता तर तो पुन्हा उपयोगी पडला असता. पण साले, कागद, काचा आणि पिशव्या एकत्र कुजू लागल्या, की दुर्गंधी सुटते, माश्या घोंघावतात, आणि जवळून जाणारा प्रत्येक जण नाकाला रुमाल लावतो.

२०१५ च्या सुमारास नगरपालिकेने ही स्थिती पालटण्याचे ठरविले. रामदास कोकरे हे त्या वेळी तेथे मुख्याधिकारी होते. उपाय ऐकावयास अगदी साधा होता. कचरा एकत्र करून मग निवडावयाचा नाही. तो एकत्र होऊच द्यावयाचा नाही! ओला कचरा निराळा, सुका निराळा, प्लास्टिक निराळे, आणि काच व धातू निराळे, असे चार भाग प्रत्येकाने आपल्या घरातच करावयाचे. गाडी दाराशी आली, की ते निरनिराळेच द्यावयाचे. उपाय साधा होता, पण सोपा नव्हता. वर्षानुवर्षांची सवय एका दिवसात कशी जाणार? दहा घरांनी कचरा वेगळा केला आणि अकराव्याने मिसळून दिला, तर दहांचे श्रम वाया जातात. ही एक रापणच होती. सर्वांनी एका तालात दोर ओढणे आवश्यक होते. कर्मचारी घरोघर गेले, पुन्हा पुन्हा समजावून सांगितले, आणि हळूहळू तो दोर सर्वांच्या हाती आला.

मग वेगळा झालेला कचरा कामास लागला. ओल्या कचऱ्यापासून हवाबंद टाकीत ज्वलनशील वायू तयार झाला आणि त्यावर वीज निर्माण करण्यात आली. पालापाचोळ्यासारखा सुका कचरा यंत्रात दाबून जळणाच्या कांड्या बनविण्यात आल्या. प्लास्टिकचे बारीक तुकडे करून ते डांबरी रस्त्यांसाठी वापरण्यात आले. रस्त्यांची ही पद्धत मदुराई येथील प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी शोधून काढलेली आहे. तापविलेल्या खडीवर प्लास्टिकचे तुकडे टाकले, की ते वितळून खडीला चिकटतात, आणि मग त्यावर डांबर अधिक घट्ट बसते. या कार्याबद्दल २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. ज्या पिशवीस समुद्रात जागा नव्हती, तिला अशा रीतीने रस्त्यात जागा मिळाली.

आणि ती कचरा टाकण्याची जागा? तेथे झाडे लावण्यात आली, स्वच्छ वाटा आखण्यात आल्या, आणि ज्या ठिकाणावरून लोक नाक दाबून जात, ते पाहण्यासाठी दूरदूरच्या गावांहून माणसे आणि शाळांच्या सहली येऊ लागल्या. वेंगुर्ल्याचे नाव आंब्या-काजूंप्रमाणे कचऱ्यामुळेही गाजले, असे विनोदाने म्हणता येईल! पुढे २३ जून २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवरील बंदी साऱ्या महाराष्ट्रात अमलात आली. परंतु नुसत्या कायद्याने गाव स्वच्छ होत नाही. कायदा बाजाराच्या दारापर्यंत येतो. घरातील चार डब्यांपाशी मात्र आपण एकटेच असतो.

एका माणसाच्या एवढ्याशा कृतीने काय होणार, असे कोणास वाटेल. त्याने वेंगुर्ले तालुक्यातील शिरोड्याची मिठागरे पाहावीत. हिवाळा आला की तेथे वाफे नीट करण्यास प्रारंभ होतो. खाडीचे पाणी त्यांत घेतात, ऊन ते आटविते, आणि पुढे शुभ्र मिठाचे ढीग उभे राहतात. १९३० च्या मे महिन्यात याच मिठागरांवर सत्याग्रह झाला. मिठाचा अन्यायी कायदा मोडण्यासाठी गावोगावचे लोक येथे जमले. प्रत्येकाच्या वाट्याला आले ते एवढेच, की मूठभर मीठ उचलावयाचे. मूठभर मिठाने साम्राज्य हलेल, असे त्या दिवशी कोणी म्हटले असते, तर ते पुष्कळांना हास्यास्पद वाटले असते. पण अशा हजारो मुठी देशभर एकत्र आल्या, आणि त्यांतून काय घडले ते इतिहासात नमूद आहे.

वेंगुर्ल्याचे काम संपले आहे, असे मात्र कोणी समजू नये. घर रोज झाडावे लागते, तसेच गावही रोज स्वच्छ करावे लागते. शिवाय समुद्राला सीमा नसते. दुसऱ्या कोणत्या तरी किनाऱ्यावर टाकलेली बाटली लाटा येथे आणून सोडतात. म्हणून ही रापण एका गावाची नाही. ओडिशाची कासवीण जर कोकणास आपले घर मानते, तर तिच्या वाटेवरील प्रत्येक गावाने दोराला हात लावला पाहिजे.

हिवाळ्याची संध्याकाळ वेंगुर्ल्यास लवकर होते. सूर्य समुद्रात बुडतो, दीपगृहाचा प्रकाश फिरू लागतो, आणि वाळूवरचा खेळ मोडून मुले घराकडे वळतात. खारा वारा पडलेला असतो; थोड्या वेळाने मतलई सुटणार असतो. तो आज आपल्याबरोबर समुद्राकडे काय नेईल? आंब्याच्या मोहोराचा वास, शेकोटीचा धूर आणि दूरच्या देवळातील मृदंगाचा नाद एवढेच त्याने न्यावे, हे सर्वस्वी माणसांच्या हाती आहे.

इतक्यात आईने सांगितलेल्या मिरच्या-कोथिंबिरीची कोणास तरी आठवण होते, आणि तो धावत बाजाराच्या वाटेस लागतो. पडवीतून आजीचा आवाज येतो, “पिशवी घेतलंस मां?”

तो न थांबता हात उंच करून दाखवितो. हातात कापडी पिशवी असते.

स्वाध्याय

१. मतलई वारा आणि खारा वारा यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.

२. कारणे द्या :
(अ) पौष महिन्यात बागाईतदार आधी आभाळाकडे पाहतो.
(आ) रापण ओढताना दोन्ही रांगांना एका तालात चालावे लागते.
(इ) कासवे प्लास्टिकची पिशवी गिळतात.

३. “ही एक रापणच होती,” असे पाठात कशाला उद्देशून म्हटले आहे? का?

४. शिरोड्याचा सत्याग्रह आणि घरातील कचरा वेगळा करणे यांत कोणते साम्य दाखविले आहे?

५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : पर्वणी असणे, ऊत येणे, पारावार न राहणे, चाहूल लागणे.

६. तुमच्या घरात एका दिवसात कोणकोणता कचरा निघतो, त्याची नोंद करा. त्यातील कोणती वस्तू पुन्हा उपयोगी पडेल, ते वर्गातील मित्रांशी चर्चा करून लिहा.